देणाऱ्याची प्रत

रावेत, १७ ऑगस्ट २०२५

आप्पा,

माझा फोन आला की तुम्ही रेडिओ मोठा करता, असं आई म्हणाली. पत्राला आवाज नसतो. म्हणून पत्र.

कळवायचं एवढंच की कालपासून मी वर्गात तुमचा पॅरा देणं बंद केलं. एखादी गोष्ट बंद केली की ती ज्याने सुरू केली त्याला सांगावं, ही रीत पाळते आहे.

मुलाखतीत स्वतःची ओळख सांगायच्या अकरा इंग्रजी ओळी. नाव, गाव, माय फादर इज अ फार्मर, माय मदर इज अ हाउसवाइफ, हॉबी म्हणजे रोजचं वर्तमानपत्र. दापोडीच्या क्लासच्या भिंतीवर तुम्ही पेंटरकडून त्या रंगवून घेतल्या होत्या. मुलाखतीला आठ दिवस उरले की मुलं तुमच्याकडे यायची, भिंतीकडे तोंड करून घोकायची आणि भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कंपन्यांत लागायची. मीही त्याच अकरा ओळी म्हणून या कॉलेजात लागले. आता तो पॅरा चाकणला झेरॉक्सच्या दुकानात मिळतो. त्यावर तुमचं नाव नसतं.

गेल्या फेब्रुवारीत एक कंपनी आमच्याकडे मुलाखती घ्यायला आली होती. त्रेचाळीस मुलांनी पॅरा म्हटला. त्रेचाळीस बाप शेतकरी निघाले. कंपनीने सात जणांना घेतलं, तेही मार्क बघून. ओम नावाचा मुलगा आहे. त्याला साहेबाने विचारलं, वडील काय पिकवतात? तो म्हणाला, कांदा. किती एकर? दोन. यंदा भाव काय मिळाला? साहेबाने पुढचं नाव पुकारलं.

ओम सातवीत असताना त्याचे वडील वारले. मला हे जुलैत कळलं. वर्गात मी त्याला विचारलं, मग तू तसं सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "मॅडम, पॅऱ्यात बाप मेलेल्याची सोय नव्हती."

वर्ग हसला. ओमही हसला.

त्याला तो पॅरा कोणी दिला, ते आज लिहीत नाही.

प्राचार्यांनी मला शनिवारचे दोन तास दिले आहेत. येत्या फेब्रुवारीपर्यंत. बत्तीस मुलं आहेत. ती इंग्रजीत काय बोलतील हे मला माहीत नाही. हे माहीत नसणं मला बरं वाटतं आहे.

उत्कर्षा


२८ सप्टेंबर

आप्पा,

आई म्हणाली, "पाकीट फोडलं न्हाई. पण फेकलं बी न्हाई. रेडिओखाली ठेवलंय." तिथेच राहू द्या. मी लिहिते.

शनिवारी काय करते ते सांगते. मुलांना भाषा शिकवत नाही. काम देते. काम असं की एकाला माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नाही, आणि बोलल्याशिवाय ते त्याच्यापर्यंत पोचणार नाही. याला टास्क म्हणतात. मी पुण्यात एका प्रशिक्षणात हे शिकले. कोणतं प्रशिक्षण, ते तुम्हाला ठाऊक आहे.

पहिलं काम चौकाचं होतं. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं. एकाच्या हातात नकाशा. तळेगाव चौक, कंपन्यांची गेटं, कुठला रस्ता खणलाय, कुठला चालू आहे. दुसऱ्याच्या कागदावर नुसते रस्ते. पहिल्याने दुसऱ्याचा टेम्पो पाच नंबरच्या गेटपर्यंत न्यायचा. फक्त इंग्रजीत.

पहिल्या शनिवारी चाळीस मिनिटं कोणी तोंड उघडलं नाही. मी खिडकीपाशी उभी होते. ओमच्या पाठीला पाठ लावून पुनम बसली होती. ती वाकीची. घरच्या म्हशीची धार काढून येते आणि उशिरा आली तरी माफी मागत नाही. शेवटी ती म्हणाली,

"बोल की रं. तोंडात मावा धरलाय का?"

"मॅडम म्हणाल्या, इंग्लिशमध्ये बोलायचं."

"मग इंग्लिशमध्ये गप बसलायस व्हय?"

तिसऱ्या शनिवारी ओम बोलला. गो स्ट्रेट. नो, नो. रोड इज ब्रेक. बिग खड्डा. कम बॅक, कम बॅक. पुनमचं बोट कागदावरून मागे सरकलं, वळलं आणि पाच नंबरच्या गेटवर थांबलं. तिने वर पाहिलं. टेम्पो पोचला होता.

मध्येच थांबवून मी चूक सुधारत नाही. काम झाल्यावर फळ्यावर तीन वाक्यं लिहिते, तीही त्यांचीच, नीट केलेली. मला आधी वाटलं होतं, हे सोपं जाईल. सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे खिडकीपाशी गप्प उभं राहणं. तुमच्या मुलीला ते जमतं आहे.

आमचे विभागप्रमुख निरंजन सर दारातून बघून गेले. स्टाफरूममध्ये म्हणाले, "मॅडम, खेळ छान आहे. पण विद्यापीठाच्या पेपरात खड्ड्यावर प्रश्न येत नाही." मग चहा ओतून घेत म्हणाले, "गेल्या वर्षी पॅऱ्यावर सात लागले. या फेब्रुवारीत सातापेक्षा कमी लागले तर शनिवारी पुन्हा पॅरा. मान्य?"

मी मान्य म्हटलं.

उत्कर्षा


२३ नोव्हेंबर

आप्पा,

दिवाळीला मी आले तेव्हा तुम्ही भावकीत गेला होतात. मी गेल्यावर आलात. फराळाचा डबा मात्र तुम्ही भरून ठेवला होता. चकल्या तुमच्या हाताने लावलेल्या कळतात. एकावर एक, मोजून, मधे कागद.

वर्गाचं सांगते.

आमच्या प्रयोगशाळेतल्या मायक्रोस्कोपची भिंगं कोइमतूरच्या एका दुकानात अडकली होती. सहा आठवडे. कारकून हिंदीत फोन करायचा, पलीकडचा माणूस तमिळमध्ये उत्तर द्यायचा, दोघंही फोन ठेवायचे. मी कारकुनाला म्हटलं, हे काम माझ्या वर्गाला द्या.

दोन शनिवार तयारी केली. काय विचारायचं, तो काय म्हणेल, टाळलं तर काय करायचं. वर्गातल्या सार्थकने तमिळ माणूस होऊन सगळ्यांना इतकं टाळलं की पोरं त्याला मारायला उठली. मग फोन खरा लावला. स्पीकरवर. बोलायला पुनम.

पलीकडचा म्हणाला, टुमॉरो.

पुनम म्हणाली, "सर, एव्हरी वीक टुमॉरो. यू गिव्ह डेट."

तो म्हणाला, मॅडम, शुअर, टुमॉरो.

"नो टुमॉरो. डेट."

तो म्हणाला, थर्सडे. पुनमने विचारलं, धिस थर्सडे? त्याने हो म्हटलं. युवर नेम, सर? त्याने नाव सांगितलं. तिने ते एकेक अक्षर विचारून लिहून घेतलं, थँक्यू म्हटलं, फोन ठेवला आणि मग बाकावर डोकं टेकून बसून राहिली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ओमने तिच्यापुढे पाण्याची बाटली ठेवली.

भिंगं शुक्रवारी आली. पुनमने पुन्हा फोन करून त्याला एक दिवस उशीर झाल्याचं सांगितलं.

आप्पा, माझ्या दहा वर्षांच्या नोकरीत त्या चार मिनिटांएवढी ताठ मी कधी उभी राहिले नाही.

हे कोणाला सांगावं, याचा विचार केला तेव्हा तुमचंच नाव आलं. म्हणून आता दुसरंही लिहिते.

त्या दिवसाला येत्या जानेवारीत तीन वर्षं होतील. पुण्यातलं सभागृह, प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस, माझा निबंध. मी तुम्हाला बोलावलं होतं. आईने तुमच्या शर्टाला इस्त्री केली होती. मी पडद्यावर तुमचा पॅरा दाखवला आणि मुलं म्हणतात तसा एका सुरात वाचला. सगळे हसले. तो कोणाचा, ते मी बोलले नाही. तुम्ही चहाच्या आधी निघून गेलात. तुम्ही शेवटच्या रांगेत आहात हे मला माहीत नव्हतं, असं मी आईला सांगितलं.

आणि त्यानंतरही अडीच वर्षं मी वर्गात तोच पॅरा देत राहिले. सभागृहात हसायला आणि परीक्षा जवळ आली की फळ्यावर लिहायला, दोन्हीकडे तोच. ओमला तो झेरॉक्सच्या दुकानातून मिळाला नव्हता. मी दिला होता.

उत्कर्षा


११ जानेवारी २०२६

आप्पा,

आई म्हणते, "रेडिओ आता तिरका व्हायला लागलाय."

कंपनीचं पत्र आलं आहे. मुलाखती १८ फेब्रुवारीला. यंदा पद्धत बदलली. पहिल्या फेरीत मार्क. दुसऱ्या फेरीत प्रत्येक मुलाने शिफ्टचा हँडओव्हर द्यायचा. जाणारी शिफ्ट येणाऱ्या शिफ्टला मशीन कशी सोपवते, तसा. समोर त्यांचा सुपरवायझर, परराज्यातला. निरंजन सरांनी पत्र दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "याचा पॅरा मिळतो का कुठे?"

मी हँडओव्हर कधी पाहिलेला नाही. पण मला आठवलं की त्याच्या कागदांच्या पाठीवर मी लहानपणी हत्ती काढले आहेत.

गेल्या रविवारी तुम्ही बाजारात गेला होतात तेव्हा मी आईकडून पत्र्याची पेटी उघडून घेतली. तुमच्या कारखान्यातल्या हँडओव्हरची पुस्तकं. मूळ कागद घेणाऱ्याकडे जातो, कार्बनची प्रत देणाऱ्याकडे राहते. लहानपणी तुम्हीच सांगितलं होतं. म्हणून घरात सगळ्या प्रतीच. एका बाजूला तुमचं ग्राइंडिंगचं मशीन, दुसऱ्या बाजूला माझे हत्ती.

मी हत्तींची बाजू उलटली आणि पहिल्यांदा तुमची बाजू वाचली.

मार्च १९८९. तुम्ही पहिल्या शिफ्टला. दुसऱ्या शिफ्टला केरळातून नवीन आलेले कुरियन साहेब. त्यांना मराठी नाही, हिंदी नाही. तुम्हाला मल्याळम नाही. उरलं इंग्रजी, ते तुम्हाला दहावी नापासाएवढं. पहिल्या दिवशी तुम्ही लिहिलंय : मशीन स्टॉप. बोल्ट. एवढंच. खाली दुसऱ्या हाताची ओळ आहे, तीही कार्बनमधून उतरलेली. कागद फाडून घेण्याआधी त्यांनी विचारलंय : कोणता बोल्ट?

मी सगळी पुस्तकं वाचली. कुरियन साहेबांनी तुमची एकही चूक सुधारलेली नाही. स्पेलिंग नाही, व्याकरण नाही. फक्त विचारलंय. कोणता? किती? कधीपासून? तुम्ही काय केलं? आणि दुसऱ्या दिवशीच्या कागदावर त्याचं उत्तर आधीच असतं. ऑगस्टमध्ये तुम्ही चार ओळी लिहिता. डिसेंबरात पान भरतं. पुढच्या मार्चमध्ये तुम्ही कुरियन साहेबांना लिहिताय की कूलंटचा वास बदललाय, टाकी बघा, माझा अंदाज चुकीचा असेल पण बघा. माझा अंदाज चुकीचा असेल. हे इंग्रजीत म्हणायला आमची एमएची मुलं अडखळतात.

मी जे पुण्यात फी भरून शिकले ते पत्र्याच्या पेटीत होतं. माझ्याच हत्तींच्या मागे.

मग तुम्ही दुसऱ्यांना पॅरा का दिलात, याचा मी दोन दिवस विचार केला. तुमच्याकडे येणाऱ्या मुलाच्या हातात आठ दिवस असायचे. तुम्हाला वर्ष मिळालं होतं. आठ दिवसांत जे देता येतं ते तुम्ही दिलंत. हे मला सभागृहात सुचायला हवं होतं.

आता काम सांगते. शनिवार, ७ फेब्रुवारी, सकाळी दहा. बत्तीस मुलं हँडओव्हर देतील. घेणारा हवा. या पट्ट्यात सुपरवायझर शंभर मिळतील. पण मला कोणता बोल्ट, असं विचारणारा हवा आहे. अट एकच. घेणाऱ्याला मराठी येत नाही. एक शब्दसुद्धा नाही.

एक राहिलं. तुम्ही शेवटच्या रांगेत आहात हे मला माहीत नव्हतं, हे खोटं होतं. तुम्ही दारातून आत आलात तेव्हा तो राखाडी शर्ट मी पाहिला होता. पॅरा पडद्यावर यायला अजून दोन पानं होती. तेवढा भाग गाळता आला असता. मी गाळला नाही. मला तुमच्याहून मोठं व्हायचं होतं आणि तुम्ही तिथे असायला हवे होतात.

उत्कर्षा


१ फेब्रुवारी

आप्पा,

दापोडीहून भोसरीपर्यंत या. तिथून राजगुरुनगरची बस. कॉलेजच्या फाट्यावर उतरा, कंडक्टरला सांगितलं तर थांबवतो. जेवणाचं इथे बघीन.

हँडओव्हरची पुस्तकं छापून घेतली आहेत. तुमच्या पुस्तकाबरहुकूम. मशीन, झालेलं काम, बिघाड, बाकी. खाली देणारा, घेणारा. कार्बनसकट. झेरॉक्सवाल्याला कार्बन म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं.

नाही आलात तर घेणारी मी होईन. पण मुलांना माझी भीती वाटत नाही.

उत्कर्षा


२२ फेब्रुवारी

आप्पा,

तुम्ही निघताना मला बोलू दिलं नाहीत, म्हणून हे पत्र. आईने फोनवर सगळं सांगितलं. सहा तारखेला दुपारी रेडिओ बाजूला काढून पाकिटं तारखेप्रमाणे लावलीत. एकेक कात्रीने उघडलंत. वाचून झाल्यावर विचारलंत, "तो राखाडी शर्ट कुठंय?" आई म्हणाली, "तीन वर्षं झाली, इस्त्री मोडली असंल आता." तुम्ही म्हणालात, "मंग पुन्हा कर."

मुलांनी तुम्हाला कसं पाहिलं ते सांगते. दाराशी म्हातारे गृहस्थ. खिशाला दोन पेनं, हातात डबा. पुनम उठून म्हणाली, "आजोबा, बसा. पाणी देऊ?"

तुम्ही तिच्याकडे शांतपणे पाहिलंत. "सॉरी, मॅडम. नो मराठी."

वर्गातून दबकं हसू गेलं. सार्थक मागून कुजबुजला, "आयला, मद्राशी हाय का काय?" पुनमने मागे वळून त्याला गप्प केलं आणि तुम्हाला म्हणाली, "वॉटर, सर?"

तीन तास. जेवणाच्या सुट्टीतही तुम्ही अट मोडली नाहीत. भाकरी मोडत होतात आणि ओमला चटणीचं नाव इंग्रजीत विचारत होतात. तोंडात ठेचा असताना, डोळ्यांतून पाणी येत असताना, तुम्ही त्याला विचारलंत, हाउ मेनी चिलीज? त्याने बोटं मोजून सांगितलं.

पोरं पाठ करून आली होती, हे तुम्हाला दुसऱ्याच मुलाला कळलं. त्याने एका दमात पान म्हणून टाकलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, कोणता बोल्ट? त्याच्या पानात बोल्टला नंबर नव्हता. तो उठून फळ्यापाशी गेला, मशीन काढलं, बोल्ट दाखवला. मग बोलला. त्याच्यानंतर कोणी पान म्हटलं नाही.

ओम एकविसावा होता. त्याने बेल्ट सैल असल्याचं सांगितलं. तुम्ही विचारलंत, कधीपासून? सकाळपासून. तू काय केलंस? घट्ट केला, पुन्हा सैल झाला. तुला कोणी सांगितलं सैल आहे म्हणून? ओम चिडला. मी खिडकीपाशी होते, मला त्याचा कान लाल झालेला दिसला. तो म्हणाला, "नोबडी टोल्ड. आय सॉ."

तुम्ही पेन खाली ठेवलंत. मग म्हणालात, "गुड. आय टेक."

आणि सही केलीत.

आता निकाल. बुधवारी मुलाखती झाल्या, काल यादी लागली. आठ. पुनम तिसरी. सुपरवायझर हैदराबादचा होता. त्याने तिला म्हणे मुद्दाम घाई केली, शिफ्ट संपली, बस निघाली, सोड आता. ती म्हणाली, बस विल गो, सर, मशीन विल नॉट गो, फर्स्ट लिसन.

ओम वेटिंगला पहिला आहे. त्यालाही वडिलांचं विचारलं. तो म्हणाला, वारले, सातवीत होतो, कांदा लावायचे, चांगला यायचा. साहेबाने पुढे विचारलं नाही. यादी बघून आल्यावर मी त्याला काही बोलणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "मॅडम, वेटिंगला हाय. पण मीच हाय."

निरंजन सरांनी हात मिळवला. शनिवार माझे. मग म्हणाले, "मॅडम, त्या पुनमचा हँडओव्हर तेवढा टाइप करून द्या. पुढच्या बॅचला पाठ करायला बरा."

मी त्यांना चहा दिला.

त्या दिवशी फाट्यावर मी तुमच्यासोबत उभी होते. मी म्हटलं, आप्पा. तुम्ही म्हणालात, नो मराठी. बस आली, तुम्ही चढलात, खिडकीशी बसलात आणि डबा मांडीवर घेतलात. मला वाटलं, एवढंच. एवढंही पुष्कळ होतं.

संध्याकाळी पुस्तकं गोळा केली. बत्तीस कागदांवर घेणारा म्हणून तुमची सही. शेवटच्या पुस्तकात तेहतिसावा कागद निघाला. अक्षर १९८९चंच आहे, थोडं हललेलं. इंग्रजीत लिहिलंय, मी मराठीत उतरवते.

मशीन : वर्ग. झालेलं काम : बत्तीस. बिघाड : जुना. दोन्ही शिफ्टला माहीत. बाकी : काही नाही.

देणारा या शब्दासमोर तुमची सही. घेणारा कोरा.

दोन आठवडे मी तो कागद टेबलावर ठेवला. निकाल लागेपर्यंत मला त्यावर हक्क नाही असं वाटत होतं. काल यादी पाहून आले आणि घेणाऱ्याच्या जागी सही केली. मूळ कागद फाडून माझ्याकडे ठेवला आहे.

देणाऱ्याची प्रत सोबत पाठवते आहे.

उत्कर्षा